ताप कॅमेऱ्यानं मोजायचा तर मॉडेल आधी बाजूला ठेवा

हात न लावता, लांबूनच चेहरा बघून ताप सांगणारी पेटी बनवायला घेतली की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो मॉडेलचा, म्हणजे डेटावरून शिकून ताप सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा. नेटवर्क कुठलं वापरायचं, डेटा किती लागेल? घोडं अडतं ते मात्र त्याच्या बरंच आधी. निरोगी माणूस ३६.८ आणि तापलेला ३८, म्हणजे फरक सव्वा अंशाचा. साध्या थर्मल कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात अचूकता लिहिलेली असते ±२ अंश, स्वस्तातल्या मॉड्यूलमध्ये त्याहूनही ढिली. जे मोजायचं त्यापेक्षा मोजपट्टीची चूक मोठी. ही चूक ठरलेली असती तर मॉडेलनं शिकूनही घेतली असती. पण ती सरकत राहते: कॅमेरा तापला की वेगळी, पंखा लावला की वेगळी, सकाळी एक आणि दुपारी दुसरी.

आधी एक गैरसमज निकालात काढू. मोबाइलच्या किंवा वेबकॅमच्या साध्या कॅमेऱ्यानं शरीराचं तापमान मोजता येत नाही. त्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला साधारण १.१ मायक्रोमीटरपर्यंतचाच प्रकाश दिसतो. चौतीस अंशांच्या त्वचेतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा जोर असतो ९.४ मायक्रोमीटरच्या आसपास. सिलिकॉनच्या पट्ट्यात त्यातलं काही येतच नाही. त्वचेच्या रंगातल्या सूक्ष्म बदलांवरून नाडीचे ठोके काढता येतात, ते खरं आहे. पण नाडीवरून ताप सांगणं म्हणजे धापा टाकणाऱ्या प्रत्येकाला आजारी ठरवणं. लागतो तो ८ ते १४ मायक्रोमीटरमध्ये बघणारा थर्मल सेन्सर, आणि तोही रेडिओमेट्रिक, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं तापमान देणारा. नुसतं रंगीत चित्र देणारा चालत नाही.

एका पिक्सेलमध्ये किती चेहरा मावतो

सेन्सर निवडताना पिक्सेलची एकूण संख्या बघण्याऐवजी एक पिक्सेल चेहऱ्यावर किती मिलिमीटर व्यापतो ते काढायचं. हिशेब सोपा आहे: लेन्सच्या कोनाच्या निम्म्याचा टॅन्जंट घ्या, दुपटीनं गुणा, अंतरानं गुणा आणि आडव्या पिक्सेलच्या संख्येनं भागा.

एमएलएक्स९०६४० हा ३२ × २४ चा सेन्सर घेऊ, ५५ अंशांच्या लेन्सचा. एक मीटरवर त्याचा एक पिक्सेल साडेबत्तीस मिलिमीटरचा होतो. म्हणजे अख्खा डोळा आणि नाकाची एक बाजू मिळून एकच आकडा. खोलीत माणूस आहे की नाही हे त्यावरून छान कळतं, ताप नाही. लेप्टन ३.५ या छोट्या थर्मल कॅमेरा मॉड्यूलमध्ये १६० × १२० पिक्सेल आणि ५७ अंशांचा कोन असतो. एक मीटरवर पिक्सेल ६.८ मिमी, अर्ध्या मीटरवर ३.४. आणि ३८४ × २८८ च्या कॅमेऱ्याला २५ अंशांची लेन्स लावली तर एक मीटरवर १.१५ मिमी.

मिलिमीटरचा एवढा काथ्याकूट कशासाठी? चेहऱ्यावर शरीराच्या आतल्या तापमानाशी त्यातल्या त्यात इमान राखणारी जागा फारच लहान आहे. डोळ्याचा नाकाकडचा कोपरा, सकाळी उठल्यावर जिथं चिपडं साठलेली असतात तो. त्वचा तिथं पातळ असते आणि रक्तपुरवठा भरपूर. ताप तपासणीच्या थर्मल यंत्रांसाठीचं आयईसी ८०६०१-२-५९ हे आंतरराष्ट्रीय मानकही याच जागेवर मोजायला सांगतं. कपाळ मोठं आणि सोयीचं असतं, पण घाम, वारा, केस, नुकतीच काढलेली टोपी, सगळ्यांचा परिणाम त्याच्यावर होतो. नाकाच्या शेंड्याबद्दल तर बोलायलाच नको.

आता समजा हा कोपरा ३५.८ अंशांवर आहे, आजूबाजूची त्वचा ३४ वर, आणि गरम ठिपक्याचा व्यास ५ मिमी. ठिपक्याचं क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मिमी, लेप्टनच्या एक मीटरवरच्या पिक्सेलचं ४६. ठिपका बरोबर पिक्सेलच्या मधोमध आला तरी पिक्सेलचा ४३ टक्केच भाग गरम, बाकी गाल आणि नाक. आकडा येतो ३४.८. एक अंश तिथंच गेला, आणि यात लेन्सचा धूसरपणा अजून धरलेलाच नाही. माणूस वीस सेंटिमीटर पुढं-मागं सरकला की हा तोटा बदलतो. मग लोक ‘अंतराची दुरुस्ती’ म्हणून एक सूत्र घालतात आणि दोष हवेला देतात. मीटरभराच्या अंतरात हवेनं उष्णता शोषण्याचा परिणाम इतका किरकोळ असतो की तो विसरलेला बरा. चूक पिक्सेलमधल्या भेसळीची आहे. गरम जागेवर किमान ३ × ३ पिक्सेल पडतील असं अंतर आणि लेन्स निवडायची. लेप्टनच वापरायचा असेल तर माणसाला ४०-५० सेंटिमीटरवर उभं करायचं, आणि तरीही कोपऱ्याचं वाचन थोडं कमीच येणार हे धरून चालायचं.

काळा पत्रा

कॅमेऱ्याची सरकती चूक पकडायला प्रत्येक फ्रेममध्ये एक अशी वस्तू हवी जिचं तापमान आपल्याला पक्कं माहीत आहे. हिला ब्लॅकबॉडी म्हणतात. अख्ख्या यंत्रणेत पैसे आणि डोकं खर्च करायची पहिली जागा हीच, असं माझं ठाम मत आहे.

तयार मिळते तशी घरीही बनवता येते. १० सेंटिमीटर चौरस, ६ मिमी जाड अॅल्युमिनियमचा तुकडा. मागच्या बाजूला ५६ ओहमचे, अॅल्युमिनियमच्या कवचातले दोन १० वॉटचे रेझिस्टर, समांतर जोडून. १२ व्होल्टवर ते मिळून साधारण ५ वॉट देतात. २५ अंशांच्या खोलीतून पत्रा ३५ वर न्यायला पाच-सात मिनिटं लागतात, आणि तिथं टिकवून धरायला दीड वॉटच्या आतबाहेर पुरतं. मधोमध टीएमपी११७ हा तापमानाचा सेन्सर, थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवलेला. त्याची अचूकता ±०.१ अंश. लोकप्रिय डीएस१८बी२० इथं वापरू नये, त्याची हमी ±०.५ ची आहे. वीज भराभर चालू-बंद करून तिचं प्रमाण ठरवायला मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि पीडब्ल्यूएम, आणि तापमान ठरल्या आकड्यावर धरून ठेवायला साधं पीआयडी नियंत्रण. मागून फोमचं जाड आवरण. आणि रेझिस्टरच्या वाटेत ५० अंशांच्या आसपास वाट तोडणारा थर्मल स्विच, कारण मॉसफेट शॉर्ट होऊन बसला तर पत्रा चटका देण्याइतका तापू शकतो.

पुढच्या बाजूला मॅट काळा रंग, पातळ. पातळ का, तर अॅल्युमिनियमच्या जाडीतून तापमान अंशाच्या शंभराव्या भागाएवढंही उतरत नाही, पण रंगाचा थर ०.१ मिमी झाला तर त्यातच ०.०६ अंश हरवतात. दोन-तीन हात मारून गुळगुळीत करायचा मोह आवरायचा.

इथला खरा सापळा उत्सर्जकतेचा, म्हणजे आदर्श काळ्या वस्तूच्या मानानं पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्या प्रमाणाचा. त्वचेची उत्सर्जकता ०.९८, मॅट काळ्या रंगाची साधारण ०.९५. उरलेले पाच टक्के पत्रा खोलीचं प्रतिबिंब दाखवतो. ३५ अंशांचा पत्रा २५ अंशांच्या खोलीत, आदर्श कॅमेऱ्यालाही, दिसतो ३४.५. कॅमेऱ्यात ०.९८ घालून ठेवलं असेल तर तो ३४.७ सांगणार. आपण समजणार कॅमेरा ०.३ नं कमी वाचतोय आणि ते ०.३ प्रत्येक माणसाच्या माथी मारणार. म्हणून कॅमेऱ्यात उत्सर्जकता १ ठेवायची आणि हिशेब स्वतः करायचा, पत्र्याचा वेगळा, त्वचेचा वेगळा.

एक उदाहरण धरून बघू. पत्रा खरा ३५.०, दिसायला हवा ३४.५, कॅमेरा म्हणतो ३३.७. म्हणजे या फ्रेमची दुरुस्ती +०.८. डोळ्याचा कोपरा कच्चा ३४.९ आला होता, तो झाला ३५.७. मग त्वचेच्या ०.९८ मुळं अजून ०.२. कोपऱ्याचं खरं तापमान ३५.९. मॉडेलकडं जायचा तो हा आकडा, ३४.९ नव्हे.

पत्रा चेहऱ्याइतक्याच अंतरावर ठेवायचा, पण चित्राच्या अगदी कडेला नको, तिथं लेन्स जरा खोटंच बोलते. अर्ध्या मीटरवर लेप्टनमध्ये तो तीसेक पिक्सेल रुंद दिसतो. त्यातल्या मधल्या १० × १० ची सरासरी घ्यायची, कडा सोडून द्यायच्या. पंख्याचा झोत पत्र्यावर नको. दुसरा पत्रा ३९ वर ठेवता आला तर कॅमेऱ्याचा उतारही, म्हणजे खरं तापमान वाढतं त्याच प्रमाणात वाचन वाढतं का तेही, तपासता येतं, पण एकच असेल तर त्वचेच्या जवळचा, ३५ ते ३६ चा बरा.

फ्रेम हातात येईपर्यंत

लेप्टन ३.५ चा टीलीनियर मोड चालू असला की प्रत्येक पिक्सेल केल्व्हिनच्या शंभरपटीत येतो. ३०७६५ म्हणजे ३०७.६५ केल्व्हिन, म्हणजे ३४.५० अंश. यूएसबीच्या प्युअरथर्मल बोर्डावरून ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीनं वाचायचं तर फॉर्मॅट वाय१६ (सोळा बिटांचा) ठेवायचा आणि आरजीबी रूपांतर बंद करायचं. ते विसरलं की आठ बिटांचं सुंदर चित्र मिळतं आणि तापमान हरवतं. ऑटोमॅटिक गेन कंट्रोल प्रत्येक फ्रेमचा उजळ-काळोखाचा पट्टा आपापल्या परीनं ताणतो. खोलीत गरम बल्ब आला की सगळे चेहरे ‘थंड’ दिसतात. असली रंगीत जेपीजी चित्रं हजारोंनी गोळा करून त्यांवर नेटवर्क शिकवणारे प्रकल्प बरेच दिसतात. ज्या चित्रात तापमानच उरलेलं नाही त्यातून ते शिकायचं कसं, हे कुणी विचारत नाही. साठवायचं ते सोळा बिटांचंच.

लेप्टन आपोआप, साधारण दर तीन मिनिटांनी किंवा स्वतःचं तापमान दीड अंशानं बदललं की, शटर पाडून सगळे पिक्सेल एका पातळीवर आणतो. टक्क असा बारीक आवाज येतो आणि चित्र क्षणभर गोठतं. त्या काळातल्या आणि नंतरच्या सेकंदभराच्या फ्रेम टाकून द्यायच्या. टेलिमेट्री, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्थितीची जादा माहिती, चालू केली तर शटर कधी पडलं ते फ्रेमबरोबरच कळतं. एसपीआय या तारांच्या जोडणीनं थेट जोडला असेल आणि पॅकेटचा मेळ सुटला, तर तिची चिप सिलेक्ट ही तार १८५ मिलिसेकंद वर धरून पुन्हा सुरुवात करायची. मेळ सुटला की चित्राचे आडवे तुकडे उलटसुलट लागतात, तीच खूण.

कॅमेरा चालू करून अर्धा तास जाऊ द्यायचा. छोटा संगणक त्याच डबीत कोंबायचा नाही. प्रोसेसर ऐन तपासणीच्या वेळी तापतो आणि सेन्सरच्या पाठीला शेक देतो. वीसेक सेंटिमीटरची केबल घाला, अर्धी डोकेदुखी तिथंच संपते. पुढं काच किंवा अॅक्रिलिक लावून कॅमेरा ‘सुरक्षित’ करू नका. या तरंगलांबीला काच म्हणजे भिंत. चष्म्याचंही तेच: चष्म्यामागचा डोळा दिसत नाही, काचेचं तापमान दिसतं. चष्मा काढायलाच लावायचा.

डोळा शोधणं

दृश्य प्रकाशावर शिकलेले चेहराशोधक थर्मल चित्रावर लडखडतात. भुवया, बुबुळं, ओठांचा रंग यातलं तिथं काहीच नसतं. दोन वाटा आहेत. एक, थर्मल चित्रांवरच शिकवलेलं मॉडेल. कझाकस्तानच्या नझरबायेव विद्यापीठातल्या गटानं थर्मल चेहऱ्यांचे खुणा केलेले संच खुले केले आहेत, त्यांवर योलो या वस्तू शोधणाऱ्या घराण्यातलं छोटं मॉडेल चांगलं बसतं. दुसरी वाट, शेजारी साधा कॅमेरा लावून मीडियापाइप या गूगलच्या साधनातल्या फेस मेशनं चेहऱ्यावरचे ४६८ बिंदू काढायचे. त्यातले १३३ आणि ३६२ क्रमांकाचे बिंदू म्हणजे डोळ्यांचे आतले कोपरे. ते थर्मल चित्रावर उतरवायचे.

उतरवताना घोळ होतो तो दोन लेन्समधल्या अंतराचा. दोन्ही ३० मिमी लांब असतील तर लेप्टनच्या चित्रात एक मीटरवर ४.४ पिक्सेलचा सरकाव येतो, ६० सेंटिमीटरवर ७.४ चा. एका अंतरावर होमोग्राफी, म्हणजे एका चित्रातले बिंदू दुसऱ्यावर बसवणारं गणित, काढून ठेवली आणि माणूस पुढं आला की खूण तीन पिक्सेल घसरते, आणि आपण कोपऱ्याऐवजी गाल मोजतो. डोळ्यांमधल्या अंतरावरून माणूस किती लांब आहे याचा अंदाज घ्यायचा आणि सरकाव दर फ्रेमला नव्यानं काढायचा. जुळवणीसाठी छापील बुद्धिबळाचा पट थर्मलमध्ये दिसत नाही. पुठ्ठ्याला गोल भोकं पाडून तो गरम पत्र्यासमोर थोडं अंतर सोडून धरायचा. दोन्ही कॅमेऱ्यांना वर्तुळं दिसतात, पुठ्ठा तापायच्या आत काम उरकायचं.

कोपरा सापडला की त्याच्याभोवतीच्या लहान चौकोनात सर्वांत गरम पिक्सेल घ्यायचा, असं सर्रास सांगितलं जातं. ते जरा थांबून करायचं. पिक्सेलचा गोंगाट ०.०५ अंश असेल तर नऊ पिक्सेलमधला सर्वांत मोठा आकडा सरासरी ०.०७ नं फुगतो, शंभरांतला ०.१२ नं. चौकोन मोठा झाला की ताप वाढला! आधी ३ × ३ ची सरासरी फिरवायची, मग त्यातला मोठा आकडा घ्यायचा, आणि दहा-पंधरा फ्रेमचा मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधला येणारा आकडा. लेप्टनच्या वेगानं हे दीड सेकंदात होतं.

आता मॉडेल

मॉडेलला द्यायचं ते मोजकंच: दोन्ही कोपऱ्यांचं दुरुस्त तापमान, कपाळाच्या मध्याची सरासरी, खोलीचं तापमान, आर्द्रता, अंतर, कॅमेऱ्याच्या कवचाचं तापमान. उत्तर म्हणून त्याच माणसाचं तोंडातलं तापमान, चांगल्या थर्मामीटरनं त्याच दोन-तीन मिनिटांत घेतलेलं. सराव करायला यूसीआय या अमेरिकी विद्यापीठाच्या खुल्या डेटासाठ्यात १०२० जणांचा असा एक संच आहे, ३३ गुणवैशिष्ट्यांचा. पण तो त्याच्याच खोलीचा आणि त्याच्याच कॅमेऱ्यांचा. त्यावर शिकलेले गुणक आपल्या पेटीत जसेच्या तसे चालत नाहीत.

सुरुवात रिज रिग्रेशन या साध्या सरळ रेषेच्या मॉडेलनं करायची. मग हवं तर ग्रेडियंट बूस्टिंग, म्हणजे अनेक छोटी निर्णयझाडं जोडून बनणारं मॉडेल. झाडांवर आधारलेली मॉडेलं शिकताना पाहिलेल्या सर्वांत मोठ्या उत्तरापलीकडं फारशी जात नाहीत. डेटात ३८.४ च्या वर कुणीच नसेल तर ४० अंश ताप असलेला माणूसही ३८.४ च्या आसपासच अडकणार.

आणि सरासरी चुकीच्या आकड्यावर भाळू नका. तोंडातल्या तापमानाचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ०.४ असेल तर डोळे मिटून प्रत्येकाला सरासरी तापमान सांगणाऱ्या ‘मॉडेल’चीही सरासरी चूक ०.३२ येते. आपलं ०.२८ आलं म्हणजे फार काही जिंकलेलं नाही. डेटात निरोगी माणसंच जास्त असतात, म्हणून मॉडेल सगळ्यांना ३६.८ कडं ओढायला शिकतं. बघायचं ते खऱ्या आणि सांगितलेल्या तापमानांमधला उतार, आणि ३८ च्या वरच्या लोकांतले किती पकडले. प्रशिक्षण आणि चाचणीची विभागणी माणसानुसार करायची, फ्रेमनुसार नाही. एकाच माणसाच्या तीस फ्रेम दोन्हीकडं विखुरल्या की निकाल चकचकीत येतो आणि दारात उभं केल्यावर पेटी गडबडते.

कुठल्याही मॉडेलला न सुटणारी एक गोष्ट आहे. ताप चढत असताना हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. आत ३८.५ होतंय आणि त्वचा नेहमीपेक्षा थंड. कॅमेरा त्वचाच बघतो, तेव्हा असा माणूस बिनबोभाट पुढं जाणार. उलट, उन्हातून चालत आलेला धडधाकट माणूस अडकणार. म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) २०२० मध्ये सांगितलेल्या अटी जाचक वाटल्या तरी पाळण्यासारख्या आहेत: खोली २० ते २४ अंश, आर्द्रता १० ते ५० टक्के, ऊन किंवा वाऱ्याचा झोत नको, माणसानं आधी पंधरा मिनिटं आत थांबावं, व्यायाम करून आला असेल तर अर्धा तास, आणि एका वेळी एकच जण. दहा जणांचा घोळका एका फ्रेममध्ये तपासणारी जाहिरात दिसली की वर काढलेला मिलिमीटरचा हिशेब तिला लावून बघायचा.

उंबरठा ठरवताना ३७.५ किंवा ३८ असा छापील आकडा घालण्यापेक्षा मागच्या पंधरा जणांचा मध्यक अधिक एक अंश हा सरकता उंबरठा बरा टिकतो. खोली हळूहळू तापली तर तोही बरोबर सरकतो. फक्त ‘अडवलेल्या’ लोकांचे आकडे त्या पंधरात धरायचे नाहीत. आणि अडवलेल्याला लगेच आजारी ठरवायचं नाही. हजारात पाच जणांना ताप असेल, पेटी तापवाल्यांतले ९० टक्के पकडत असेल आणि निरोग्यांतले ९० टक्के सोडत असेल, तर ती १०४ जणांना अडवते. त्यातले खरे चार किंवा पाच. उरलेल्या शंभरांसाठी बाजूला खुर्ची आणि साधा थर्मामीटर असायलाच हवा.

तयार पेटी विकत घेतली असेल तरी एक चाचणी घरच्या घरी होते. प्लास्टरचं डोकं घ्यायचं, चेहराशोधकाला पटेल असं. डोळ्यांच्या कोपऱ्यांमागं छोटे हीटर बसवायचे, आणि पृष्ठभागाचं तापमान सेन्सरनं बघत ते ३५, ३६, ३७, ३८ असं एकेक अंशानं वाढवत न्यायचं. प्रत्येक पायरीला दहा मिनिटं द्यायची आणि पडद्यावरचा आकडा वहीत टिपायचा. डोक्यावरचं तापमान तीन अंशांनी चढलं आणि पडद्यावर ३६.४, ३६.५, ३६.६, ३६.९ असलं काही दिसलं, तर आतलं सॉफ्टवेअर वाचन ओढून निरोगी पट्ट्यात बसवतंय. उंबरठा कितीही खाली-वर केला तरी ती पेटी सुधारत नाही. पेटीतलं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदललं की ही चाचणी पुन्हा पहिल्यापासून.